कापड दुकानदार लेव्हेनहूक

पौड हे पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. मुळा नदीच्या खोऱ्यातील या गावाभोवती भाताची खाचरे आहेत. अशा गावात एखाद्या रात्री एखादे लहान मूल गालावर हात ठेवून रडू लागते. आई दिवा लावून त्याच्या तोंडात पाहते. दाढेत काळा खड्डा पडलेला दिसतो. ती त्याला लवंग धरायला देते आणि म्हणते, की दाताला कीड लागली आहे. शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या घरात असेच मूल रडत असेल, तर तेथील अम्मी म्हणते, की दाँत में कीड़ा लगा है. भाषा दोन, पण समजूत एकच. दाताच्या आत एक किडा बसलेला आहे आणि तो दात कुरतडतो आहे, अशी ही समजूत आहे.

ती आजची नाही. हजारो वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या लोकांनी दातातल्या किड्याविषयी लिहून ठेवले आहे. आपल्याकडे आणि युरोपातही लोक तेच मानत. बाजारात बसणारे काही लोक तर दुखणाऱ्या दाताला बियांचा धूर देत आणि बारीक पांढरे किडे बाहेर काढून दाखवत. पाहणाऱ्याला वाटे, की आता दात बरा झाला. खरे म्हणजे ते किडे दातातले नसत.

मग दात खातो तरी कोण? या प्रश्नाच्या उत्तराचे पहिले टोक ज्याच्या हाती लागले, तो वैद्य नव्हता. तो कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता. तो होता हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा एक कापड दुकानदार. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक.

आंतोनीचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्ट येथे झाला. त्याचे वडील टोपल्या विणत. आंतोनी पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. आईने पुढे दुसरे लग्न केले. मुलाला गावाबाहेरच्या शाळेत घातले. नंतर काही दिवस तो एका नातेवाइकाकडे राहिला. त्या काळी युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन होती. ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिले जात, विद्यापीठात लॅटिनमध्येच शिकवत. आंतोनी लॅटिन शिकला नाही. त्याला आपली मातृभाषा, म्हणजे डच, एवढीच येत होती. या गोष्टीबद्दल लोकांनी पुढे त्याला नावे ठेवली. पण त्याचा एक फायदाही झाला असे मला वाटते. जुन्या ग्रंथांत काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नव्हते; त्यामुळे जे डोळ्यांना दिसेल, तेच तो लिहीत गेला.

सोळाव्या वर्षी आंतोनीला आम्स्टरडॅम या मोठ्या शहरात एका कापडाच्या दुकानात पाठवण्यात आले. तेथे तो हिशेब ठेवायला आणि कापड पारखायला शिकला. कापडाचे व्यापारी त्या वेळी एक छोटे भिंग वापरत. भिंगातून कापड पाहायचे, ठरावीक जागेत किती धागे आहेत ते मोजायचे आणि त्यावरून कापडाचा कस ठरवायचा. काचेच्या एका तुकड्यातून साधा धागा दोरखंडासारखा जाड दिसतो, हे नवल आंतोनीने बहुधा तेथेच पहिल्यांदा पाहिले असावे.

१६५४ मध्ये तो डेल्फ्टला परत आला. त्याच वर्षी बार्बारा या मुलीशी त्याचे लग्न झाले आणि त्याने स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. पुढे नगरपालिकेतही त्याला नोकरी मिळाली. कचेरीची व्यवस्था पाहायची, साफसफाई करून घ्यायची, असे ते काम होते. पोटापाण्याची चिंता मिटली. पण घरात सुख टिकले नाही. बार्बाराला पाच मुले झाली. त्यांपैकी चार लहानपणीच दगावली. मारिया नावाची एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये बार्बाराही वारली. मुले का मरतात, ताप का येतो, साथी कशा पसरतात, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी हवेला दोष देई, कोणी नशिबाला.

यानंतर लेव्हेनहूक यांच्या हाताला एक छंद लागला. ते भिंगे तयार करू लागले. मोठाली नव्हे, अगदी लहान. काही तर मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. असे भिंग ते पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पत्र्यांमध्ये बसवीत. पत्र्यांना आरपार बारीक छिद्र असे. मागच्या बाजूला एक सुई असे आणि ती मागेपुढे सरकवण्यासाठी स्क्रू असे. जी वस्तू पाहायची, ती सुईच्या टोकावर लावायची. मग ते यंत्र डोळ्यांच्या अगदी जवळ धरायचे आणि उजेडाकडे पाहायचे. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जो उभा सूक्ष्मदर्शक आहे, त्याच्याशी या यंत्राचे काहीच साम्य नव्हते. ते तळहातावर सहज मावत असे. तरीही त्याच्यातून वस्तू दोनशे पटींहून अधिक मोठी दिसे. त्या काळच्या मोठमोठ्या यंत्रांना हे जमत नव्हते.

ही भिंगे आपण कशी करतो, हे लेव्हेनहूक यांनी कोणालाही सांगितले नाही. पाहुणा आला तर ते त्याला साधी यंत्रे दाखवीत आणि उत्तम यंत्रे कपाटात ठेवून देत. ज्ञान असे लपवून ठेवणे बरोबर नव्हते. त्यांच्यानंतर कित्येक वर्षे तसे भिंग कोणाला करता आले नाही, याला त्यांचा हा स्वभावही कारण आहे. २०२१ मध्ये हॉलंडमधील संशोधकांनी त्यांचे एक यंत्र न उघडता आतून तपासले. तेव्हा दिसले, की त्यातील भिंग म्हणजे काच वितळवून केलेला एक छोटा गोल मणी होता.

लेव्हेनहूक यांना कशाचेही कुतूहल वाटे. मधमाशीची नांगी, उवेचे पाय, लाकडाची चकती, स्वतःचे रक्त, जे सापडेल ते सुईवर चढे. डेल्फ्टमधील एका डॉक्टर मित्राने ही गोष्ट लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. रॉयल सोसायटी म्हणजे इंग्लंडमधील शास्त्रज्ञांची मोठी संस्था. १६७३ पासून लेव्हेनहूक या संस्थेला पत्रे पाठवू लागले. पत्र डच भाषेत असे. लंडनला त्याचे इंग्रजी किंवा लॅटिन भाषांतर होई आणि मग ते सभेत वाचले जाई. हा पत्रव्यवहार पुढे पन्नास वर्षे चालला.

१६७४ च्या उन्हाळ्यात इकडे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याच उन्हाळ्यात तिकडे लेव्हेनहूक यांनी डेल्फ्टजवळच्या एका तळ्यातले पाणी बाटलीत भरून घरी आणले. पाणी हिरवट दिसत होते. एक थेंब त्यांनी भिंगाखाली धरला आणि ते थक्क झाले. थेंबात इवलेसे जीव पोहत होते. काही हिरवे, काही पांढरे, काही चमकदार. डोळ्यांना दिसणाऱ्या लहानात लहान किड्यापेक्षाही ते कितीतरी लहान होते.

दोन वर्षांनी एक वेगळीच गोष्ट घडली. मिरी तिखट का लागते, असा प्रश्न लेव्हेनहूक यांना पडला. मिऱ्याला बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, असे त्यांना वाटले. काटे पाहण्यासाठी त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली. मिरी त्या वेळी डच व्यापारी आपल्याच बाजूच्या देशांतून नेत. आपल्या कोकणात वेंगुर्ल्यालाही त्यांची वखार होती. असो. मिऱ्याचे काटे काही दिसले नाहीत. पण भिजलेल्या पाण्यात पूर्वीपेक्षाही बारीक जीव दिसले. त्यांना आज आपण जिवाणू म्हणतो. जिवाणू पाहिल्याची ही जगातील अगदी पहिली नोंद आहे. तिचे वर्ष १६७६.

हे पत्र लंडनला पोहोचले तेव्हा तेथील शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. पाण्याच्या एका थेंबात हजारो जीव! हा कापडवाला स्वप्न तर पाहत नाही ना? संस्थेच्या एका सभासदाने ते जीव पाहण्याचा प्रयत्न केला, पण त्याला काही दिसले नाही. लेव्हेनहूक यांची सारी अब्रू आता पणाला लागली. ते खोटे ठरले असते, तर पुढची पत्रे कोणी उघडलीही नसती. त्यांनी गावातील प्रतिष्ठित माणसांना घरी बोलावले. त्यांत धर्मोपदेशकही होते. प्रत्येकाला भिंगातून पाहायला लावले आणि जे दिसले ते त्यांच्याकडून लिहून घेतले. अशा आठ जणांच्या साक्षी त्यांनी लंडनला पाठवल्या. मात्र भिंगाचे गुपित त्यांनी तेव्हाही सांगितले नाही! शेवटी रॉबर्ट हूक या प्रसिद्ध शास्त्रज्ञाने नवी भिंगे केली, मिरी भिजवली आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये सभेपुढे ते जीव दाखवले. शंका संपली. १६८० मध्ये रॉयल सोसायटीने लेव्हेनहूक यांना आपले सभासद करून घेतले. लॅटिन न येणाऱ्या दुकानदाराला मिळालेला हा फार मोठा मान होता. त्यांना त्याचा फार आनंद झाला. पण ते संस्थेच्या सभेला कधीच गेले नाहीत.

आता आपण दातांकडे येऊ.

१७ सप्टेंबर १६८३ रोजी लेव्हेनहूक यांनी रॉयल सोसायटीला आणखी एक पत्र लिहिले. ते तेव्हा पन्नाशीत होते. दातांची निगा राखण्याची त्यांना मोठी हौस. रोज सकाळी ते मिठाने दात घासत आणि चूळ भरत. जेवणानंतर दातकोरणीने दाढा साफ करत आणि फडक्याने दात पुसत. आपल्याकडे कोणी कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरत, कोणी मिस्वाक. तसेच ते समजा. त्यामुळे त्यांचे दात त्या वयातही स्वच्छ आणि बळकट होते. तरीसुद्धा आरशात पाहताना त्यांना दाढांच्या फटीत एक पांढरट पदार्थ दिसला. तो कालवलेल्या पिठासारखा दाट होता. इतके घासूनही हे उरते कसे, असे त्यांना वाटले.

त्यांनी तो पदार्थ काढला, स्वच्छ पावसाच्या पाण्यात मिसळला आणि भिंगाखाली धरला. पाण्यात आधी काही जीव नाहीत ना, याची खात्री त्यांनी करून घेतली होती. पाहतात तो काय, तेथे हालचाल चालली होती! काही जीव काडीसारखे लांबट होते आणि पाण्यात मासा सुसाट जावा तसे जात होते. काही भोवऱ्यासारखे गरगर फिरत होते. काही इतके बारीक होते, की त्यांचा आकारच कळेना; पावसाळ्यात दिव्याभोवती चिलटे घोंघावतात, तसे ते एकाच जागी घोटाळत होते. लेव्हेनहूक यांनी त्यांची चित्रे काढवून पत्रासोबत पाठवली. ती चित्रे आजही पाहायला मिळतात. आजचा शास्त्रज्ञ त्यांत गोल, काडीसारखे आणि मळसूत्री जिवाणू सहज ओळखतो.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. आपल्या एकट्याच्याच तोंडात हे असेल, तर ते विशेष नाही. म्हणून त्यांनी इतरांचे दात तपासायला सुरुवात केली. दोन स्त्रियांच्या दातांवरचा थर घेतला. सुमारे आठ वर्षांच्या एका मुलाच्या दातांवरचा घेतला. मुलाच्या नुसत्या लाळेत काही दिसले नाही, पण दातांच्या फटीतून काढलेल्या पदार्थात ते जीव होतेच. मग त्यांना एक म्हातारा भेटला. त्याने जन्मात कधी दात घासले नव्हते. त्याच्या दातांवरील मळात जीव एवढे दाटीवाटीने होते, की थेंबातील सारे पाणीच जिवंत झाल्यासारखे वाटत होते. हॉलंड देशात जेवढी माणसे आहेत, त्यांपेक्षा अधिक जीव आपल्या एका तोंडात राहतात, असे लेव्हेनहूक यांनी लंडनला कळवले.

त्यांनी हेही पाहिले, की या जिवांवर व्हिनेगर टाकला तर ते मरतात. मग व्हिनेगरने चूळ भरली तर? त्यांनी तेही करून पाहिले. वरवरचे मेले, पण थराच्या आतले जिवंत राहिले. थर चिकट असतो आणि औषध आत शिरत नाही, ही गोष्ट त्यांनी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी टिपून ठेवली. आज दंतवैद्य सांगतात, की नुसती चूळ भरून भागत नाही, ब्रशने थर खरवडून निघाला पाहिजे. त्याचे कारण हेच आहे.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लेव्हेनहूक यांनी हे जीव पाहिले, मोजले, त्यांची चित्रे काढली. मात्र हेच जीव दात पोखरतात, असे त्यांना कळले नाही. रोग आणि हे जीव यांचा काही संबंध असेल, हा विचार त्यांना सुचला नाही. त्यांची स्वतःची चार मुले लहानपणी गेली होती. लहान मुलांचे जीव घेणारे कितीतरी रोग याच जातीच्या जिवांमुळे होतात. ते जीव ज्या माणसाने जगात सर्वांच्या आधी पाहिले, त्यालाही ते चोर म्हणून ओळखू आले नाहीत. चोराशी रोज भेट व्हावी आणि त्याचे नाव मात्र ठाऊक नसावे, तसे झाले.

चोर ओळखायला दोनशे वर्षे लागली. ती हकीकतही येथेच सांगून टाकतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी जिवाणूंमुळे रोग होतात हे सिद्ध केले. त्या वेळी बर्लिन शहरात विलोबी मिलर नावाचे एक अमेरिकन दंतवैद्य काम करत होते. कॉख यांच्या कामावरून त्यांना एक प्रयोग सुचला. त्यांनी माणसांचे काढलेले दात घेतले. ते भाकरीच्या आणि साखरेच्या लाळमिश्रित पाण्यात, शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवले. काही दिवसांनी दात मऊ पडू लागले. पाण्यात आम्ल तयार झाले होते. मग त्यांनी लाळ आधी उकळून घेतली. उकळल्याने जिवाणू मेले. आता आम्ल तयार होईना आणि दातही टणक राहिले. भाकरीऐवजी मांस किंवा चरबी घातली, तरी दात मऊ पडले नाहीत. म्हणजे दात किडायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक जिवाणू आणि दुसरी साखर किंवा पिठाचा अंश. मिलर यांचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे १९२४ मध्ये लंडनच्या क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक विशेष जिवाणू वेगळा काढला. त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. १९५४ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी पूर्णपणे जंतुविरहित जागेत उंदीर वाढवले आणि त्यांना भरपूर साखर खाऊ घातली. त्यांचे दात किडले नाहीत. तेव्हा सर्वांची खात्री पटली, की साखर एकटी दात किडवत नाही. जिवाणू साखर खातात, त्यांच्यापासून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे वरचे कठीण आवरण विरघळवते. या आवरणाला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात. शरीरात त्याच्याइतके कठीण दुसरे काही नाही, हाडसुद्धा नाही. पण आम्लापुढे ते टिकत नाही. मग काळा खड्डा पडतो आणि दुखणे मज्जेपर्यंत पोहोचते. किडा कोठेच नसतो.

लहान मुलांच्या बाबतीत ही गोष्ट जास्त नाजूक असते. दुधाचे दात वीस असतात आणि त्यांचे इनॅमल मोठ्यांच्या दातांपेक्षा पातळ असते. म्यूटन्स हा जिवाणू बाळाच्या तोंडात जन्मतः नसतो. दात आल्यावर तो घरातल्या माणसांकडून येतो, बहुतेक वेळा आईकडून. आईने चमचा आपल्या तोंडात घालून अन्न गरम आहे का हे पाहिले आणि तोच चमचा बाळाला दिला, की आईच्या लाळेतले जिवाणू बाळाकडे जातात. यात आईचा दोष नाही. प्रेमापोटीच ती तसे करते. दुसरी गोष्ट बाटलीची. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून मूल झोपी जाते. झोपेत लाळ कमी सुटते. दुधातील साखर रात्रभर दातांवर राहते आणि जिवाणूंना मेजवानी मिळते. म्हणून अशा मुलांचे वरचे पुढचे दात आधी काळे पडतात. दुधाचे दात तर पडणारच आहेत, त्यांची काळजी कशाला, असे कित्येक घरांत म्हणतात. पण त्या दातांनीच मूल जेवते, बोलायला शिकते आणि खाली वाढणाऱ्या पक्क्या दातांची जागाही तेच राखून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे जी दाढ येते, ती पक्की असते. ती दुधाची समजून दुर्लक्ष केले, तर पुन्हा येत नाही. चिक्की, गूळ, बिस्किट, सरबत यांपैकी काय खाल्ले, यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले याला जास्त महत्त्व आहे. दर वेळी खाल्ल्यावर काही वेळ तोंडात आम्ल राहते. मग लाळ ते हळूहळू धुऊन काढते आणि इनॅमलची थोडी झीजही भरून काढते. सतत काही ना काही चघळत राहिले, तर लाळेला ही संधीच मिळत नाही.

आता पुन्हा डेल्फ्टला जाऊ. १६९२ मध्ये लेव्हेनहूक यांनी आपल्या दातांवरील थर परत एकदा तपासला. पुढच्या दातांवर त्यांना एकही जिवंत जीव दिसला नाही. ते गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आले, की अलीकडे आपण रोज सकाळी गरम कॉफी पितो. उष्णतेने ते जीव मरत असावेत. हे खरे का, ते पाहण्यासाठी त्यांनी मागच्या दाढांवरील थर काढला. तेथे कॉफीची उष्णता कमी पोहोचत असेल, असा त्यांचा तर्क होता. तेथे ते जीव होते! एक साधी शंका आणि तिचे उत्तर शोधण्याची ही त्यांची रीत पाहिली, की त्यांना शास्त्रज्ञ का म्हणायचे ते समजते.

दातातल्या किड्याची गोष्टही त्यांच्यापर्यंत आली. सन १७०० च्या सुमारास दुखऱ्या दातातून धुराने काढलेले म्हणून काही किडे त्यांच्याकडे आले. दुसरा कोणी असता, तर त्याने मान डोलावली असती. लेव्हेनहूक यांनी ते किडे भिंगाखाली पाहिले आणि चीजमध्ये होणाऱ्या अळ्यांशी ताडून पाहिले. चीज म्हणजे दुधापासून केलेला, मुरवलेला पदार्थ. दोन्ही अळ्या एकाच जातीच्या निघाल्या. म्हणजे त्या दातात जन्मलेल्या नव्हत्या. खाल्लेल्या चीजमधून त्या दातांच्या फटीत गेल्या असाव्यात, असे त्यांनी लिहिले. बाजारातील धुरी देणाऱ्यांना हे पत्र अर्थातच कोणी वाचून दाखवले नाही. त्यांचा धंदा पुढे बरीच वर्षे चालू राहिला.

लेव्हेनहूक यांची कीर्ती आता दूरवर पसरली होती. राजे, सरदार आणि विद्वान त्यांच्या घरी येत. १६९८ मध्ये रशियाचा बादशहा पीटर नावेतून डेल्फ्टला आला आणि त्याने लेव्हेनहूक यांना भेटीला बोलावले. त्यांनी बादशहाला वाम माशाच्या शेपटीतून वाहणारे रक्त भिंगातून दाखवले. पण सारखे येणारे पाहुणे त्यांना नको असत. कामाचा वेळ जातो, अशी त्यांची तक्रार असे.

वय वाढत गेले तरी पत्रे थांबली नाहीत. त्यांची दुसरी पत्नी १६९४ मध्ये वारली. मारियाने लग्न केले नाही. ती शेवटपर्यंत वडिलांजवळ राहिली आणि तिने त्यांचे घर सांभाळले. आजारात अंथरुणावर पडल्यावरही त्यांनी एका मित्राला बोलावून आपल्या दोन पत्रांचे लॅटिन भाषांतर करायला आणि ती लंडनला पाठवायला सांगितले. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वदाव्या वर्षी, डेल्फ्ट येथे त्यांचे निधन झाले. गावातील जुन्या चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले.

त्यांच्या मृत्यूनंतर मारियाने वडिलांच्या इच्छेप्रमाणे एक पेटी लंडनला पाठवली. पेटीत चांदीची २६ सूक्ष्मदर्शक यंत्रे होती. रॉयल सोसायटीने ती जपून ठेवली, पण पुढच्या शतकात ती कोठेतरी गहाळ झाली आणि आजतागायत सापडलेली नाहीत. लेव्हेनहूक यांनी आयुष्यात पाचशेच्या वर भिंगे केली. त्यांपैकी थोडीच यंत्रे आज जगात उरली आहेत.

पत्रे मात्र राहिली. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ रॉयल सोसायटीच्या संग्रहात ही जुनी पत्रे चाळत होते. एका पत्राच्या शेवटी त्यांना कागदाच्या लहान पुड्या चिकटवलेल्या दिसल्या. लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या हातांनी कापून लंडनला पाहण्यासाठी पाठवलेले ते नमुने होते. बुचाच्या लाकडाच्या पातळ चकत्या, झाडाचा गाभा, गाईच्या डोळ्यातील शिरेचा काप. दुसऱ्या एका पुडीत कापसाचे बी होते. तीनशे वर्षांनंतरही ते सारे तसेच होते, आणि काप इतके पातळ होते, की आजच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर त्यांतील पेशी स्पष्ट दिसल्या.